मिशीला पीळ

३ मार्च १९५४, धुळे
प्रमिलेनं आज मला ओळखलं नाही. मान ताठ, डोळे उघडे, पण बघते माझ्या पलीकडे. डॉक्टर म्हणाले, मेंदूला क्षय. मेंदूला! क्षय छातीला होतो एवढंच मला ठाऊक.

४ मार्च
डॉक्टरांनी बाजूला नेलं. नव्या सुया आल्यात, जीव वाचेल कदाचित. पण पुष्कळ द्याव्या लागतील, त्यानं कान जाऊ शकतात. "विचार करून सांगा." विचार कसला डोंबलाचा! म्हटलं, आधी बायको राहू द्या, कानांचं मागून बघू.
आईला कानांचं बोललो नाही. ती आपली म्हणते, "कानबाई बरं करी." खान्देशात देव्या काय कमी, नेमकी कानबाईच आठवली हिला!

१९ मार्च
शेजारच्या खाटेवरची बाई गेली. हेच दुखणं. दिवसभर त्या खाटेकडे पाठ करून बसलो.

२ एप्रिल
पाणी मागितलं! "आयकं का? पानी." लग्न झाल्यापासून तिच्या तोंडी माझं नाव हेच — आयकं का. घटाघट प्यायली. मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

११ मे
सुया चालूच. उठली की झोकांड्या जातात. पाठीमागून हाक मारली, वळली नाही. ताट आपटलं. नाही.
डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. संध्याकाळी तीच म्हणाली, "बठ्ठा गप का शेतस?"
सगळे गप का, म्हणे! काय सांगू? आणि कसं सांगू?

२० जून, अमळनेर
घरी आणलं. आई तिच्या कानाशी ओरडते, गल्ली गोळा होते. प्रमिला भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला अक्षर येत नाही, पाटीवर लिहून तरी काय उपयोग? लोक म्हणतात, वाचली, देवाचे आभार मान. माझ्या तोंडून निघत नाहीत. कान मीच देऊन आलो. तिला विचारलंही नाही.

२१ जून
गिरणीत रुजू झालो. साच्यांचा, म्हणजे कापडाच्या मागांचा, तोच कडकडाट, शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. समोरच्या साच्यावरून हिलालनं हातानंच विचारलं, बायको कशी? मी हातानंच सांगितलं — बरी, पण कान गेले. तेवढ्यात त्यानं मिशीला पीळ दिला. म्हणजे आमचा जॉबर, साच्यांवरचा मुकादम, झुपकेदार मिशांचा पितांबरनाना, येतोय! मान खाली घालून तुटला धागा जोडायला घेतला.
आणि हात तिथंच थांबला. अरे गाढवा! इतकी वर्षं रोज बहिऱ्यांसारखाच तर बोलतोयस तू!

२२ जून
तिच्यापुढे बसलो. चहा, भाकर, झोप, आई — एकेक खूण केली. चिडली. "काय माकडचाळा करी राह्यनात?" हात झटकून टाकला.

५ जुलै
आज तिनं बसल्या जागेवरून चहाची खूण केली! तोंडानं काही नाही, नुसता हात. मग मीही हातानंच तिला पितांबरनानाची गोष्ट सांगितली, मिशीच्या खुणेसकट. त्या कडकडाटाला जन्मभर शिव्या घातल्या. आज आभार मानतो तर त्याचेच. देवाचं नंतर बघू.

८ ऑगस्ट, कानबाईचा रविवार
मी चुलीपुढे आईची नक्कल करून दाखवत होतो, गाल फुगवून. एकदम प्रमिलेनं नसलेल्या मिशीला पीळ दिला. वळून बघतो तर दारात आई! आणि प्रमिला — हसत होती, तोंडाला पदर लावून, मोठ्ठ्यानं.