यानातला मिस्त्री

सर,

परवा गणेश मंडळातली एक मुलगी घरी आली होती. कॉलेज नुकतंच संपलेली, बोलताना अर्धं मराठी, अर्धं गुजराती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या वेळचं ते यानाचं नाटक आम्हाला फरीथी, म्हणजे परत, करायचंय. एकदम पहिल्यापासून. मोठा स्क्रीन लावू, लाइटिंग करू." मी तिला चहा दिला, हो हो म्हटलं, आणि ती गेल्यावर दाराची कडी दोनदा लावून पाहिली. आता घाबरण्यासारखं काय राहिलंय? माझी नोकरी संपली, तेव्हाची माणसं कुठल्या कुठे गेली. तरी "एकदम पहिल्यापासून" हे शब्द ऐकले आणि तीच जुनी भीती परत आली. तुम्ही गेल्यानंतरच्या गणपतीत काय झालं, हे तुम्हाला सांगायचं राहिलंय.

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. गणपती महिन्यावर आले की बाईंना तिथे स्वयंपाक करायला जागा उरत नसे. ओट्यावर यान. पिठाची चाळणी म्हणजे यानाची खिडकी, कारखान्यातून मागून आणलेल्या बॉबिन म्हणजे यानाचे खटके, आणि जरीवाल्याकडचं टाकाऊ चंदेरी कापड म्हणजे अंतराळवीरांचे पोशाख. बाई ओरडायच्या, "अहो, चाळणी द्या, पोळ्या करायच्यात," आणि तुम्ही पाटावर बसून पुढचा प्रवेश लिहिताय. दरवर्षी एक भाग. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यातली पाच माणसं, आणि दरवर्षी एक नवा ग्रह. भेस्तानच्या त्या मैदानात इथल्या कापड कारखान्यांत पोटासाठी आलेले भुसावळचे, धुळ्याचे, जालन्याचे लोक मांडी घालून बसायचे. पाळी संपवून आलेल्यांच्या केसांत कापसाची पिंज असायची. बँकेतले, कचेरीतले लोक खुर्च्यांवर. वर्षभर मग चहाच्या टपरीवर तेच चालायचं, की चौथ्या वर्षी कप्तानाचा हात गेला तो डावा की उजवा. मी तुमची जुनी विद्यार्थिनी, नंतर तुमच्याच शाळेत मास्तरीण झालेली, आणि नाटकात पडद्यामागून संवाद सांगणारी. अंधारात वही दिसावी म्हणून तुम्ही मला एक छोटी बॅटरी आणून दिली होती. पहिल्या पगाराआधी मिळालेली ती माझी पहिली स्वतःची वस्तू.

आणि मिस्त्री. यान दुरुस्त करणारा. ते काम करणारा पोरगा कडोदऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये होता. स्टेजवर आला की हातातला पाना आधी कपाळाला लावायचा, मग कामाला लागायचा. ते तुम्ही लिहिलेलं नव्हतं, त्याचं त्यानंच आणलेलं. लोक त्यालाच टाळ्या द्यायचे. त्या उन्हाळ्यात मिलचा बॉयलर फुटला आणि तो गेला. त्याच्या आईला दोन बायकांनी धरलं होतं. गणपती जवळ आले तेव्हा मी तुम्हाला म्हटलं, "सर, मिस्त्रीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ या. मेकअपमध्ये कळणार नाही." तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. इतकं चिडलेलं मी तुम्हाला वर्गातही पाहिलं नव्हतं. "कळणार नाही? कुणाला कळणार नाही? आपल्या यानात गेलेला माणूस परत येत नाही. तो परत यायला लागला, तर लोकांनी घाबरायचं कशाला आणि टाळ्या तरी कशाला वाजवायच्या?"

त्या वर्षी तुम्ही लिहिलंत की यानाला भोक पडतं, दार बाहेरूनच बंद करता येतं, आणि मिस्त्री, स्टेजवर न दिसताच, बाहेर राहतो. मैदानात हुंदके ऐकू येत होते. पुढच्या प्रत्येक वर्षी नाटक सुरू झालं की कप्तान हजेरी घ्यायचा. डॉक्टर, हजर. चालक, हजर. मिस्त्री. कुणी काही बोलायचं नाही. मग कप्तान म्हणायचा, "बाहेर आहे." एवढंच. पुढच्या ओळीत, बायकांच्या बाजूला, त्याची आई पदर तोंडाशी धरून बसलेली असायची. ते दोन शब्द ऐकायलाच ती येते, असं मला वाटायचं.

मग तुम्ही गेलात. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता खाली बसलात आणि उठला नाहीत. कप्तानाची बदली वापीला झाली, डॉक्टर लग्न होऊन गेली. मंडळाचा नवा अध्यक्ष मला म्हणाला, "ताई, नवीन पब्लिक खूप आलंय, त्यांना मागचं काही ठाऊक नाही. आपण नवेसर करू. यान पुन्हा पृथ्वीवरून निघेल. सगळे नवे. तुम्हीच लिहा, तुम्हाला सगळं पाठ आहे." मी म्हटलं, "मग मिस्त्री?" तो म्हणाला, "तो पण असेल ना. पहिल्यापासून म्हटल्यावर असणारच. टेन्शन नका घेऊ, चालशे." मी नाही म्हणायला हवं होतं असं म्हणत नाही. मला लिहायचंच होतं. पण पहिल्या पानावर "मिस्त्री (हसत येतो)" असं लिहिलं आणि दचकून मागे वळून पाहिलं.

बातमी फुटली आणि माझं रस्त्यानं चालणं अवघड झालं. पानाच्या टपरीवर बँकेतले कॅशियर अडवून विचारतात, "काय हो, कप्तानाचा गेलेला हात आता परत येणार म्हणे? आणि तिसऱ्या ग्रहावरून त्यांनी जी अनाथ मुलगी यानात घेतली, ती आता त्यांना भेटलीच नाही असं समजायचं का?" पान हातात तसंच राहिलं होतं, सर. पन्नाशीचा माणूस. "मग आम्ही एवढी वर्षं जे पाहिलं, ते काय होतं?" मी म्हटलं, "ते पण आहे, काका." ते म्हणाले, "दोन्ही कसं असेल?" लूमवर, मागावर काम करणारी चार पोरं एकदा सायकली आडव्या घालून उभी राहिली. "बाई, मिस्त्रीला परत आणलं तर पडदा वर जाऊ देणार नाही. आमचा दोस्त होता तो. त्याची मजाक करायची नाही." त्यांतल्या एकाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याच्याकडे पाहूनच मला जास्त भीती वाटली. तालमीच्या शेडवर दोनदा दगड पडले. नवा मिस्त्री अमळनेरकडचा, बावीस वर्षांचा, कारखान्यात भरणीचं, मागात धागे भरायचं काम करणारा. पत्र्यावर आवाज झाला की तो माझ्याकडे बघायचा आणि मी वहीत डोकं घालायची.

पण खरी भीती त्या आईची. ती कधी येईल याची मी वाट पाहत होते. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी कुणी नऊवारीतलं दिसलं की मी परत वर्गात जायची. शेवटी ती आली ती तालमीलाच. चप्पल बाहेर काढून शेडच्या कोपऱ्यात बसली, देवळात बसावं तशी. कुणाला थांबा म्हणायचं सुचलं नाही. नवा पोरगा आत आला, पाना घेऊन यंत्रापाशी वाकला, संवाद म्हणू लागला. मी त्याला कपाळाला पाना लावायला सांगितलं नव्हतं. तेवढं एक तरी त्याचं त्याला राहू द्यावं असं ठरवलं होतं. तालीम संपली. ती माझ्यापाशी आली. मी वही मिटली. वाटलं, आता ही शाप देणार. हळूच म्हणाली, "बाई, मना पोऱ्याले फिरी आणतस म्हणे तुम्ही?"

मी म्हटलं, "मावशी, हा तो नाही. हे नवं नाटक आहे. तुम्हाला वाईट वाटत असेल तर मी..."

तिनं माझं मनगट धरलं. रंगाच्या कामानं कडक झालेला हात. "मंग याले मारू नका," ती म्हणाली. "आवंदा बी नही, पुढला वरीसले बी नही. त्या सरनी तेले बाहेर ठी दिन्हं. दरसाल आयकस मी, बाहेर शे, बाहेर शे. बाहेर थंडी ऱ्हास ना, बाई?"

त्याला बाहेर ठेवलं, आणि बाहेर थंडी असते ना. सर, आपण समजत होतो ती त्या दोन शब्दांसाठी येते. ती दरवर्षी ते सहन करायला यायची, कारण त्याचं नाव दुसरीकडे कुठेच कुणी घेत नव्हतं. मी मान हलवली. काय कबूल करतेय हे मला नीट कळलंही नव्हतं.

प्रयोगाच्या दिवशी मैदान कधी नव्हतं एवढं भरलं. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर ती चार पोरं उभी, त्यांच्यामागे आणखी वीस-पंचवीस. अध्यक्ष घाम पुसत म्हणतोय, "पोलीस बोलावू का?" पडदा वर जातो. यान पृथ्वीवर उभं आहे. कप्तानाला दोन्ही हात आहेत. कुजबुज सुरू होते. कप्तान हजेरी घेतो. डॉक्टर, हजर. चालक, हजर. मिस्त्री. मैदान एकदम गप्प. लोक जुन्या सवयीनं थांबले होते. आणि विंगेतून तो पोरगा, आवाज फाटलेला, "हजर!" म्हणत आत येतो.

मागून कुणीतरी ओरडलं, "हा तर मेलाय!" मग गलका. एक चप्पल स्टेजवर येऊन पडली. पोरगा जिथल्या तिथे थिजला. त्याला पुढचा संवाद आठवेना. मी सांगत होते, पण त्या गलक्यात ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. माणसं पुढे सरकताना दिसली, आणि वाटलं, आज कुणाचातरी जीव जाणार आणि तो माझ्यामुळे. तेवढ्यात पुढच्या ओळीतून ती उठली. स्टेजकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभी राहिली. माइक नाही, काही नाही. "चूप बठा सर्वा," ती म्हणाली. "हाऊ मरेल नही शे. जित्ता शे. देखा." ती चार पोरं पुढेच होती. ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं तो आधी खाली बसला. मग बाकीचे. कॅशियर काका खुर्चीवर बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले. नाटक शेवटपर्यंत झालं. चांगलं झालं का, ते मला आजही सांगता येणार नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं होतं. त्यानंतर ती त्या अमळनेरच्या पोराला डबा न्यायला लागली. आधी सणाला, मग रोज. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, मावशी माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि बॉयलरकडं जाऊ नको सांगतात. मी तर भरणीवाला. मला भीती वाटते, ताई. नको म्हणवत पण नाही." मी त्याला म्हटलं, जेवत जा. दुसरं काय सांगणार होते? पुढचा भाग लिहायला बसले की प्रत्येक प्रवेशात मी आधी मिस्त्री कुठे आहे ते बघायची. दार उघडं नाही ना, तो काठावर उभा नाही ना. सगळं यान मी त्या एकाला सांभाळत चालवत होते. तसं नाटक लिहिता येत नाही, हे तुम्ही मला सांगितलंच होतं.

दुसऱ्या वर्षी गणपती बसायच्या आत भाग लिहून झाला, प्रयोगही झाला, मिस्त्री जिवंत राहिला. विसर्जन झालं आणि काही दिवसांतच शहरात प्लेगची बातमी आली. लोक तोंडाला रुमाल बांधून स्टेशनाकडे पळाले. तो पोरगाही गेला. ती गेली नाही. मी माझ्या आईला घेऊन निघायच्या आधी मावशींच्या खोलीवर गेले, तर उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "तो पोचना ना गावले?" मी म्हटलं, "पोचला, मावशी." मला ठाऊक नव्हतं. गाडीत पूर्ण वाटभर मी तेच पुटपुटत होते, की पोचू दे. तो पोचला होता, सर. पण परत आला नाही. तिकडेच दुकानात लागला, लग्न केलं. मंडळानं त्यानंतर नाटक बंद केलं. ती आणखी बरीच वर्षं होती. भेटली की विचारायची, आणि मी सांगायची, बरा आहे, मुलगी झाली त्याला. त्यातलं बरंचसं खरं होतं.

परवाच्या त्या मुलीला मी अजून काही कळवलेलं नाही. ती विचारत होती की जुन्यातलं कुठलं खरं धरायचं, तुमचं की माझं. तिला काय सांगायचं ते ठरत नाही, आणि हे पानही मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही वाचणार असता तर लिहिण्याचं धाडसच झालं नसतं. त्या दिवशी लोक खाली बसले, पोराला संवाद आठवला, तो यंत्रापाशी वाकला, आणि मी विंगेत भिंतीला टेकले, तेव्हा माझ्या मनात सगळ्यांत आधी आलं ते हे, की बरं झालं, हे बघायला सर नाहीत.