डेस्कटॉप गहाळ नाही, डिस्क पुसू नये

प्रति,
मा. संगणक कक्ष प्रमुख,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : पाणी तपासणी प्रयोगशाळेतील संगणकाची डिस्क न पुसण्याबाबत.

संदर्भ : आपले ज्ञापन, 'कार्यालयीन मालमत्ता (डेस्कटॉप, नग एक) हरवल्याबद्दल खुलासा'.

महोदय,

आपले ज्ञापन मी दोनदा वाचले. पहिल्यांदा हसू आले, म्हणून दुसऱ्यांदा वाचावे लागले. खुलासा असा :

१. आमचा संगणक सुरू होतो, पासवर्ड घेतो आणि मग काळा पडदा व माऊसचा बाण एवढेच दाखवतो. आपले तंत्रज्ञ आले. लेखा शाखेच्या मॉनिटरवर डेस्कटॉप दिसतो, म्हणून त्यांनी तो मॉनिटर उचलून आमच्याकडे आणला आणि आमचा तिकडे नेला. आमच्याकडे काळोख तसाच राहिला. तिकडे आमच्या मॉनिटरवर लेखा शाखेचा डेस्कटॉप छान उमटला. यावर तंत्रज्ञ म्हणाले, "तुमचा डेस्कटॉप तिकडे गेलाय, मॅडम. लेखावाले आता कसले सोडतायत!" लेखापालांनी घाबरून 'आमच्याकडे आहे तो आमचाच' असे लेखी दिले. उरले मी. सबब तो मी हरवला.

२. डेस्कटॉप ही खुर्चीसारखी नगावर मोजायची वस्तू नाही. लॉगिन झाल्यावर एक प्रोग्राम तो पडद्यावर मांडतो. तो प्रोग्राम सुरूच होत नव्हता. मी कंट्रोल, आल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि तिथून तो हाताने सुरू केला. डेस्कटॉप सगळ्या फायलींसह समोर आला. रोज सकाळी आता हेच करते. तंत्रज्ञांना करून दाखवले, तर म्हणाले, "हा काही खरा नाही. खरा आपोआप येतो."

३. कारणही शोधले, कारण ते शोधायची मला सवय आहे आणि आपल्या कक्षात ती दिसली नाही. लॉगिननंतर कोणता प्रोग्राम चालवायचा, ते एका सेटिंगमध्ये लिहिलेले असते. तिथे सध्या आपणच बसवलेल्या हजेरीच्या सॉफ्टवेअरचे नाव आहे. ते सुरू होताच बंद पडते आणि संगणक पुढच्या आज्ञेची वाट बघत बसतो. तिथला एक शब्द बदलला की काम झाले. त्यासाठी लागणारा पासवर्ड आपल्याकडे आहे, आणि तो 'जाणकार हातांतच' राहील, असे मला कळवण्यात आले आहे. ते हात मॉनिटर वाहून नेताना मी पाहिले आहेत.

४. आता आपण डिस्कच पुसायचे ठरवले आहे. त्या डिस्कवर खालच्या वस्तीच्या टाकीतील नायट्रेटची वर्षभराची मोजमापे आहेत. त्यांचा अहवाल गेल्याशिवाय नायट्रेटमुळे बंद ठेवलेली टाकी उघडणार नाही. फायलींची दुसरीकडे प्रत करावी, तर या संगणकाला इंटरनेट नाही, यूएसबीची तोंडे आपल्या कक्षाने सील केली आहेत, आणि सील 'डेस्कटॉप सापडल्यावर' निघेल. वस्तीतल्या एक मावशी काल खिडकीतून विचारत होत्या, "पोरी, तुझं मशीन बरं झालं का? का आम्ही अजून वर्षभर चढ चढून पाणी आणायचं?" आपल्या कक्षात काय चालते, हे सांगितले असते तरी त्यांना पटले नसते.

५. पुसण्याआधी 'डिस्कवर उपयुक्त माहिती नाही' या प्रमाणपत्रावर वापरणाऱ्याची सही लागते, हा नियम आपलाच. सही केल्यास चौकशी मिटेल आणि माझे कंत्राटही वाढेल, असा निरोप तंत्रज्ञांकरवी मिळाला. कंत्राट आपल्या हातात आहे, ते खुशाल संपवावे. सही माझ्या हातात आहे, ती मिळणार नाही.

तरी, एक शब्द बदलावा किंवा एक सील काढावे. दोन्हींपैकी जे कक्षाला झेपेल ते.

आपली,
नियमापुरती नम्र,
(सही)
कनिष्ठ संशोधन सहायक (कंत्राटी)
दिनांक : ९ ऑक्टोबर

सोबत :
१) चालू डेस्कटॉपचे छायाचित्र.
२) सेटिंगमधील ती ओळ, बदलायचा शब्द अधोरेखित करून.
३) प्रमाणपत्राचा नमुना, कोरा, परत. आणखी पाठवल्यास तेही असेच परत येतील.

प्रत : पाणीपुरवठा अभियंता. टाकी का उघडत नाही, हे त्यांनी विचारले होते.