दादाचा उजवा हात

रविवार, संध्याकाळ

अजून धडधडतंय. मनीषनगरच्या हॉलमध्ये आज आमच्या कॅल्क्युलेटरवेड्यांचा मेळावा होता. कॅल्क्युलेटरवर प्रोग्राम लिहिण्याच्या स्पर्धेची परीक्षक मी, आणि स्पर्धकांत माझा थोरला भाऊ. सगळे भराभर बटणं दाबत होते. दादा मात्र डाव्या हातानं, चाचपडत. तो तर उजवा!

"दादा, डाव्या हातानं काहून?"

"उजवा ऐकूनच नाही राहिला वं. थांब, एवढा प्रोग्राम होऊ दे."

बोलताना त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मी ओरडले, "स्पर्धा थांबवा! कोणीतरी गाडी काढा!" तो चिडला, कॅल्क्युलेटर सोडेना. तसंच उचलून दवाखान्यात नेलं त्याला.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे, पण वेळेत आणलंत. हाताचं मात्र आत्ताच सांगता येत नाही. जरा उशिरा लक्ष गेलं असतं तर? मी दुसऱ्या टेबलाशी असते तर?

आत गेले तेव्हा अडखळत म्हणाला, "चालला का वं माहा प्रोग्राम?"

"चालला," मी म्हटलं. पाहिलाच कुठे होता मी!

चादरीवर पडलेल्या त्या उजव्या हातात बोटं दिली. म्हटलं, "दाब." कितीतरी वेळ काहीच नाही. मग किंचित दाबलं त्यानं. दाबलं ना? की मलाच तसं वाटलं?