आधी नोंद, मग तोड

पुणे, २ ऑगस्ट

ती. मामांना सविनय जयभीम, वि. वि.

हॉस्टेल बरं आहे, भाजीत मीठ सोडून सगळं असतं. काळजी एकच. यादीत मला वनस्पतिशास्त्राऐवजी संख्याशास्त्र दिलंय. आहुप्याच्या देवराईतली झाडं शिकायची म्हणून मी इथवर आले, आता वर्षभर सरासरी काढत बसू का? विषय बदलायचा तर वीस तारखेपर्यंत अर्ज द्यायचा. त्यावर माझी आणि सल्लागार शिक्षिकेची सही हवी. माझ्या वाट्याला अश्विनी मॅडम आल्यात. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परतले. जाऊ का, की त्या बोलावतील? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही, म्हणून लिहिते. लोभ आहेच, तो पुण्यापर्यंत पोचू द्या.

तुमची अमृता

पारगाव, ६ ऑगस्ट

चि. अमृतास अनेक आशीर्वाद.

तीस वर्षं मी साखर कारखान्यात चिटबॉय होतो. पाळी आली की ऊसतोडीची चिठ्ठी घेऊन मीच बांधावर जायचो. कुणी हेलपाटे घातले म्हणून पाळी पुढे सरकली नाही. मोठ्या माणसांच्या दारात बोलावल्याशिवाय जाऊ नये. तुझी मामी म्हणते पोरीनं जावं, पण तिला ऑफिसातलं काय कळतं? तिला तुझं हॉस्टेल बघायचंय. मी म्हटलं, कॉलेजनं बोलावलं की जाऊ. जिवाला जप.

तुझा मामा चांगदेव

पुणे, १३ ऑगस्ट

ती. मामांना सविनय जयभीम, वि. वि.

बोलावणं नाही. काल मॅडम जिन्यात भेटल्या, हसल्या. मीही हसले आणि वर्गात पळाले. आज फलकावर सल्लागाराला न भेटलेल्यांची यादी लागली. तीत एकच नाव आहे, माझं. पण याला बोलावणं म्हणायचं का? फलक तर सगळ्यांसाठी असतो. रात्री झोप येत नाही, मामा. लवकर कळवा, माया असू द्या.

तुमची अमृता

पारगाव, १८ ऑगस्ट

चि. अमृतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज मिळालं. मामीनं ते मोठ्यानं वाचलं आणि मला विचारलं, नोंद न केलेला ऊस तुमी कदी तोडला व्हता का? लावण झाली की शेतकऱ्यानं नोंद करायची, मगच आमची चिठ्ठी. हे मीच गावोगाव सांगत फिरलो आणि तुझ्याच वेळी विसरलो. पोरी, चुकलो. फोन करणार होतो, पण चूक लेखीच कबूल करावी. टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून शेजारच्या रुपेशला पहाटेच्या एसटीनं पाठवतोय. तो दारात उभा असतानाच मॅडमकडे जा. काय हवं, का हवं, कागदावर लिहून ने. जीव टांगणीला लागलाय.

तुझा मामा चांगदेव

पुणे, १९ ऑगस्ट

ती. मामांना सविनय जयभीम, वि. वि.

गेले. मॅडमना नोंद-तोड सगळं सांगितलं. त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, तुला दारात दोनदा पाहिलं होतं; विद्यार्थ्यानं आपणहून यावं म्हणून मीही हाक मारली नाही. तेव्हा चूक निम्मी-निम्मी. मग देवराईतल्या झाडांची माझी यादी वाचली. तीन नावं त्यांनाही नवी होती. सही केली.

पण अर्ज उलटला तर मागे पालकाच्या सहीची जागा. लहानपणापासून मी तुमच्याच घरी, म्हणून तुमचंच नाव घातलंय. सही कॉलेजातच करायची आणि उद्या शेवटचा दिवस. रुपेशबरोबर हे पत्र देतेय. मामीला घेऊन पहिल्या एसटीनं या. कॉलेजनं बोलावलंय. माया आहे तशीच घेऊन या.

तुमची अमृता

ता. क. मॅडमनी विचारलं, पालक नक्की येतील ना? मी म्हटलं, मामी आणेल.