डोंगरापलीकडचा सलाम

प्रिय एरिफाज,

थोरल्या भावाचे आशीर्वाद आणि वहिनीचा सलाम. शेळीकडून मात्र काही नाही (गेल्या खेपेला तू तिला जाता जाता लाथ घातलीस, ती अजून तुझं नाव काढू देत नाही). मुलांचा खोकला गेला का? दुकान कसं चाललंय? इथे सगळे खुशाल. बटाटे काढून झाले, वाऱ्याने आडवी झालेली ज्वारी पुन्हा उभी राहिली, आणि माझी तब्येत तुझ्या वहिनीच्या मते जेवणाच्या वेळी उत्तम असते, सरपण फोडायच्या वेळी बिघडते.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू लिहितोस, "दादा, दर रविवारी चर्चला जायलाच हवं का? देव काय फक्त तू बनवलेल्या बाकांवरच बसतो? मी इथे कंपालात अंथरुणात पडल्या पडल्या प्रार्थना करतो, ती बरोबर पोचते." तुला वाटलं असेल, दादा आता फणा काढणार. पण लेका, तुझं पत्र आलं तेव्हा मी स्वतःच चार रविवार तुझ्या पंथाला लागलो होतो. तुला कोणी कळवलं नाही? नवल आहे. एरवी इथे माझी कोंबडी खुडूक बसली तरी कंपालात बातमी असते.

झालं असं, की सुगीच्या उपासनेसाठी गाण्याची तालीम चालली होती. जेनिना शिकवत होती (तीच ती, लहानपणी तुझ्यामागे काठी घेऊन धावलेली, आता तीच काठी घेऊन ताल देते). मध्येच तिने सगळ्यांना थांबवलं आणि साऱ्यांदेखत मला म्हणाली, "एनोकादादा, तुम्ही आपले नुसते ओठ हलवा. आवाज आम्ही काढतो." एकतीस वर्षं मी त्या चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातोय! आणि ज्या बाकावर माझी ही शोभा झाली तो बाकही माझ्याच हातचा, रंधा मारून मारून माझे खांदे गेले त्यात. मी गाण्याचं पुस्तक बंद केलं आणि उठून चालता झालो. मागून कोणी हाक मारली नाही, याचं जास्त लागलं. (पुढे कळलं, तिघेजण फाटकापर्यंत धावले होते, पण मी रागाच्या भरात दोन शेतं ओलांडून गेलो होतो.)

पहिल्या रविवारी तुझ्याच पद्धतीने अंथरुणात प्रार्थना केली. ती पोचली की नाही ठाऊक नाही, मी मात्र तिसऱ्या वाक्याला झोपेत पोचलो. तुझी वहिनी चर्चहून आली, माझं घोरणं ऐकलं आणि म्हणाली, "काय म्हणाले देव? मोठ्याने बोलत होते वाटतं." दुसऱ्या रविवारी झाडाखाली बसलो. तिथे छान प्रार्थना झाली, पण अर्ध्यावर माझ्या लक्षात आलं की मी जेनिनाचा घसा बसावा म्हणून मागणं मागतोय. एकट्याने प्रार्थना करण्यात हीच मोठी अडचण आहे, एरिफाज. माणूस वाहवत गेला तर शेजारी खोकणारं कोणी नसतं. तिसरा आणि चौथा रविवार याहून वाईट गेले, ते लिहीत नाही.

पाचव्या रविवारी ठरवलं, डोंगर चढून पलीकडच्या चर्चला जावं. तिथे आपल्याला ओळखतो कोण? शेवटच्या बाकावर बसायचं, वचन ऐकायचं, गुपचूप परत यायचं. आपलीच माणसं मी विसरलो, दुसरं काय. सूचना वाचून होतात न होतात तोच तिथले वडीलधारे उठले. म्हणाले, पाहुण्यांनी उभं राहावं, नाव-गाव सांगावं आणि आपल्या मंडळीचा सलाम द्यावा. नाव सांगितलं, गाव सांगितलं. सलाम कुठून आणू? माझ्या मंडळीने मला सलाम नव्हता दिला, ओठ हलवायला सांगितलं होतं. शेवटी भर चर्चमध्ये खोटं बोललो, "आमच्या सगळ्यांचा तुम्हाला सलाम." तर ती अख्खी मंडळी टाळ्या वाजवत उठली आणि म्हणाली, आमचाही त्यांना पोचवा! आता सलामाचं तुला ठाऊक आहेच. दुसऱ्याची कोंबडी काखेत दिल्यासारखं असतं ते. ज्याची त्याला पोचेपर्यंत खाली ठेवता येत नाही आणि वाटेत सोडूनही देता येत नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण मी सुतार आहे हे कोणीतरी बोलून गेलं. मग उपासनेनंतर दोन बाकांचे पाय बसवून दिले (काय ते काम होतं आधीचं, देव त्या सुताराला क्षमा करो). आंबील प्यायला बसलो, इतक्यात एका म्हातारीने माझं मनगट धरलं. नाव केझिया. ऐंशीच्या पुढची, पण पकड अशी की माझ्या शिकंज्याने लाजावं.

"तू मिरियाच्या गावचा ना? आहे का ती?"

मी म्हटलं, आहे. (एवढंच माहीत होतं की तिच्यासाठी मरणाचा ढोल वाजला नव्हता.) मग तिने सांगितलं. पोरीच्या वयात दोघी आपल्याच चर्चमध्ये गायच्या. एका ईस्टरला पहिला आवाज, म्हणजे वरची पट्टी, कोणी गायची यावरून जुंपली आणि केझिया गाणं अर्ध्यावर टाकून, सगळ्यांसमोर तरातरा निघून गेली. त्याच वर्षी लग्न होऊन डोंगरापलीकडे आली. बासष्ट वर्षं झाली. तिच्या अंगणाच्या टोकावरून आपल्या चर्चच्या छपराचे पत्रे सकाळच्या उन्हात चमकतात, ते ती रोज बघते. खाली उतरली मात्र नाही. "आधी राग आडवा आला," ती म्हणाली, "मग लाज आडवी आली, आणि आता गुडघे. तिला सांग, पहिला आवाज तिचाच होता. पण घरी जाऊन कानात पुटपुटू नकोस. भांडले मी भर चर्चमध्ये, सांगायचंही भर चर्चमध्ये."

डोंगर उतरताना मला घाम फुटला, आणि तो चालण्याचा नव्हता. माझा राग पाच आठवड्यांचा होता. तो बासष्ट वर्षांचा झाला की कसा दिसतो, हे मी नुकतंच पाहून आलो होतो. खरं सांगतो, मी घाबरलो.

घरी आलो तर तुझी वहिनी म्हणाली, मिरिया पेरणीपासून अंथरुणाला खिळलीय, डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितलेत. म्हणजे तिला चर्चमध्ये आणायची तर आजाऱ्यांना खांद्यावरून नेतात ती डोली हवी. डोलीवाल्या गड्यांचा म्होरक्या कोण? जेनिनाचा नवरा. देवाला गंमत सुचते तेव्हा ती अशी सुचते. गेलो जेनिनाच्या दारात. उंबऱ्याशी उभा राहून काहीतरी पुटपुटलो. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मोठ्याने बोला, एनोकादादा. इथे ओठ हलवून नाही चालायचं."

सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. ती उठली आणि तिने नवऱ्याला हाक मारली. आणि त्याने आपले गडी गोळा केले. कोणाच्या बोटांना शेतातली माती, कोणाच्या तोंडात घास. कोणी विचारलं नाही की म्हातारी आपली कोण.

रविवारी मिरियाला डोलीतून आणून पहिल्या बाकापुढे ठेवलं. सूचना झाल्या. मी उभा राहिलो आणि आवाजच फुटेना! एकतीस वर्षं ज्याने पत्रे हादरवले तो आवाज कुठे दडी मारून बसला कोण जाणे. तेवढ्यात जेनिनाने हात वर केला, खालच्या पट्टीला उचलून घेताना करते तसा, सावकाश. आणि मी बोललो. केझियाचा सलाम, केझियाचे शब्द, जसेच्या तसे.

मिरियाचे डोळे मिटलेले. मला वाटलं, उशीर झाला. आणि डोलीतून आवाज आला, "खोटारडी! पहिला आवाज तिचाच होता. मी मुद्दाम वर ओढत होते."

सगळे खदखदून हसले आणि हसता हसताच डोळे पुसू लागले. मग म्हातारीने फर्मावलं, तेच ईस्टरचं गाणं लावा. लावलं. ती गायली, एरिफाज, सुरईतून पाणी ओतताना येतो तेवढाच आवाज, पण सुरात. आणि दुसरा आवाज गायली. जेनिनाने पोरींना हाताने गप्प केलं आणि पहिला आवाज कोणालाच गाऊ दिला नाही. ती जागा शेवटच्या कडव्यापर्यंत तशीच रिकामी ठेवली. मी बाकाची पाठ धरून उभा होतो आणि या माणसांचा मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. हीच माणसं माझ्या आवाजाला नावं ठेवतात, माझ्या कोंबड्यांची चौकशी करतात, आणि कोणी पडलं की खांदा देतात. तुझ्या अंथरुणात देव भेटतो, मी नाही म्हणत नाही. पण तिथे केझिया भेटत नाही रे.

मुलांना पापे.

तुझा थोरला भाऊ,
एनोका

ता.क. : जेनिनाने मला परत घेतलं. अट तीच, ओठ हलवायचे. मी पाळतो. फक्त शेवटच्या आमेनला आवाज जरा सोडतो.

ता.क. दुसरा : आता मुद्द्याचं. मिरिया उलट सलाम माझ्या हाती द्यायला तयार नाही. म्हणते, मीच जाते. डॉक्टर म्हणाले, हलवू नका. तिने डॉक्टरांना विचारलं, तुम्ही कोणत्या चर्चला जाता? त्यांनी आपली बॅग उचलली. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तिला डोंगरापलीकडे न्यायचंय. चढ उभा आहे, चार-चारच्या तीन पाळ्या लागतात, म्हणजे बारा खांदे. अकरा झालेत. डोली वाहणाऱ्यांच्या वहीत तुझं नाव अजून आहे, कोणी खोडलेलं नाही. शुक्रवारची बस धर.

ता.क. तिसरा : मी हे पाकीट चिकटवणार तोच मिरियाने निरोप धाडून विचारलं, बारावा कोण. मी फक्त तुझं नाव कळवलं. तर म्हणे, "तो उंच आहे, डोली कलंडेल. त्याला चढावर मागे लावा आणि उतारावर पुढे." तू येशील असं मी तिला म्हटलं नव्हतं. येणार नसलास, तर तिला ते कोणी सांगायचं तेवढं कळव.