डाव्या विंगेतली खुर्ची

डोंबिवली (पूर्व),
शनिवार, दुपार

मंदाकिनीबाई, निवृत्त प्रॉम्प्टर, हल्ली मुक्काम कोलशेत, यांना डोंबिवलीच्या भागीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे लिहिण्यापुरतं. खरं वाकले तर उठवायला कोणी नाही.)

मंदे, तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? कानाचं मशीन लावतेस की अजून कपाटातच आहे? (कपाटातच आहे. तुझी सून दीपिका मला सगळं सांगते.) डोंबिवलीहून कोलशेत ते केवढं, हातात फोन आहे, मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, मागे तुला फोनवर सुक्या बोंबलांची कृती विचारली तेव्हा मला इतकं ओरडावं लागलं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन मला कृती सांगून गेल्या. आणि आज जे सांगायचं आहे ते खालच्या मजल्यापर्यंत जायला नको आहे.

गेल्या महिन्यात इथल्या एका मंडळाने माझा सत्कार केला. कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून. व्यासपीठावर माझा भला मोठा फोटो, त्याला झेंडूचा हार, समोर तेवती समई. हेतू चांगला होता, मी काही बोलले नाही. मग पडद्यावर माझ्या सिनेमांतले गाजलेले प्रसंग दाखवले. तुला माहीतच आहे, सिनेमात माझे गाजलेले प्रसंग म्हणजे मरणं. एकतीस नायकांची मी आई झाले (त्यांतले नऊ माझ्याहून वयाने मोठे, एक तर शॉट संपला की मलाच गुडघेदुखीवर औषध विचारायचा) आणि निम्म्या जणांच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. ओळीने सात वेळा मेले, मागे सारंगी. तेवढ्यात उशिरा आलेले एक महिपतराव म्हणून गृहस्थ तडक वर आले, फोटोला फुलं वाहिली, डोळे मिटून हात जोडले, आणि वळून बघतात तर मी खुर्चीत. बिचारे इतके गोरेमोरे झाले की माझ्या पुढ्यातलं पाणी मीच त्यांना दिलं. निशिगंध होता, छान होता. मी घरी आणला.

परिचय करून देणाऱ्याने मला 'जन्मजात अभिनेत्री' म्हटलं. मला हसू आलं. जन्मजात मी कोळ्याची पोर. सोळाव्या वर्षी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या मंडळात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आई बाजार आटोपून थेट आली होती, मासळीची पाटी कुणाकडे ठेवायची म्हणून पाटीसकट पहिल्या रांगेत बसली, आणि दुसऱ्या अंकापर्यंत ती रांग रिकामी झाली. नाटक संपल्यावर म्हणाली, "बाय, तू रडलीस तवा मना वाटला, कोनी खरंच मारला." त्याहून चांगलं परीक्षण मला पुढे कधी मिळालं नाही. नंतर नाटक कंपनीच्या मालकांनी भागीरथी हे नाव जाहिरातीत मावत नाही म्हणून माझी नीरजा केली. आता भागी म्हणणारी तू एकटीच राहिलीस. हे मी रडवेली होऊन लिहीत नाही, नुसतं कळवते आहे.

तर सत्काराच्या शेवटी आग्रह झाला की 'रिकामं कुलूप'मधलं गोदूबाईचं स्वगत म्हणून दाखवा. (आपलं 'रिकामं कुलूप'. सहाशे बारा प्रयोग. सहाशे बाराच्या सहाशे बारा वेळा तू डाव्या विंगेत, मांडीवर वही, पायाशी थर्मास.) मी उठले. म्हटलं, हे तर झोपेतही म्हणेन. "कुलूप माझं नव्हतंच कधी..." इथपर्यंत आले आणि पुढचं गेलं. गेलं म्हणजे पार गेलं, मंदे. घासून ठेवलेल्या पातेल्यासारखं लख्ख. माझा डावा हात पदराकडे गेला. तुला आठवतं ना, मी विसरले की हात पदराकडे जातो, आणि तो पदरापर्यंत पोचायच्या आत तू पहिला शब्द दिलेला असायचा? सवयीने मी डाव्या विंगेकडे बघितलं. तिथे पुष्पगुच्छांचा ढीग होता आणि एक प्लास्टिकची बादली.

किती वेळ गेला देव जाणे. पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. आणि मग सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या. पहिल्या रांगेतल्या बाया डोळे पुसतायत. त्यांना वाटलं, गोदूबाई आपल्या बंद घराकडे बघते आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की 'त्या एका स्तब्धतेत साठ वर्षांची तपश्चर्या होती.' मंदे, त्या स्तब्धतेत काहीच नव्हतं. तीच तर भानगड होती.

पेपर वाचून सलील नावाचा तरुण दिग्दर्शक घरी आला. गुणी मुलगा आहे, चपला बाहेर काढतो, चहाचा कप स्वतः विसळतो. त्याला ठाण्याच्या नाट्यगृहात 'रिकामं कुलूप'चा एक प्रयोग करायचा आहे, माझ्यासह, आणि मुख्य म्हणजे त्या स्तब्धतेसह. डावीकडच्या नजरेसाठी त्याने वेगळा प्रकाश योजला आहे. पदराला हात लावण्याला तर तो 'अभिनयाचा कळस' म्हणतो. आम्ही दोनदा वाचन केलं आणि दोन्ही वेळा मला सगळं घडाघडा आठवलं. पोराचा चेहरा उतरला. "ताई, तो पॉज द्या ना. त्या दिवशी कसला भारी होता." आता त्याला कसं सांगू की बाबा, तो पॉज मी देत नाही, तो मला येतो, आणि कधी येईल ते मला सांगून येत नाही.

कारण तो आता रंगमंचाबाहेरही येतो. परवा टेंभी नाक्यावर रिक्षातून उतरले आणि कशासाठी आले तेच आठवेना. एका मुलीने ओळखून माझ्याबरोबर फोटो काढला आणि विचारलं, "काकू, कुठे निघालात?" मी हसले. (हसणं अजून विसरलेले नाही.) मी घाबरले गं. सात वेळा मेले तेव्हा घाबरले नव्हते, तेव्हा पुढचा शॉट ठाऊक असायचा. एकदाच, शेवटची, ती गोदूबाई नीट करावी असं फार वाटतं. पण तालमीत विसरले आणि कोणी हसलं नाही, तरी मी विसरले हे मला कळेलच. तेव्हा सलीलला उद्या स्वच्छ नाही म्हणून सांगणार आहे. वय झालं, संपला विषय. तू उगाच समजूत घालायला येऊ नकोस.

दीपिकाला आशीर्वाद. तुला काय देणार, तूच मला आयुष्यभर शब्द दिलेस.

तुझी,
भागी

ता. क. : वहीची ती जुनी प्रत, चहाचे डाग पडलेली, तुझ्याकडेच आहे ना? सहज विचारते.

ता. क. दुसरा : सलीलला मी कालच हो म्हणून बसले. प्रयोग चौदा तारखेला, रविवारी दुपारी चारला. तो म्हणाला, ताई, हल्ली कानात छोटं यंत्र बसवतात, त्यातून वाक्य देऊ. मी म्हटलं, मला डाव्या विंगेत एक खुर्ची हवी, हात असलेली, पाठीला उशी घालून. त्याला वाटतं ती माझ्या विश्रांतीसाठी आहे. मंदे, ये. मी थांबले आहे की विसरले आहे हे समोरच्या आठशे माणसांना कळत नाही, ते फक्त तुला कळतं. ऐकू येत नाही म्हणून आढेवेढे घेऊ नकोस. तू कधी कानाने प्रॉम्प्टिंग केलंस? तू माझ्या हाताकडे बघायचीस. चष्मा तेवढा विसरू नकोस. विसरण्याचं खातं माझ्याकडे आहे.

ता. क. तिसरा : हे सगळं मी तुला आधी एकदा लिहून पाठवलं आहे का? पाकिटं मोजली तर एक कमी भरतं. पाठवलं असेल तर मला सांगू नकोस. पहिल्यांदाच वाचते आहेस असं कर. एवढा अभिनय तुला येतो.