तोकड्या ‘ऐन’च्या रुपयाची व्यवस्था

मी, राधाकिशन सोनाजी शिनगारे, वय चोपन्न वर्षे सात महिने, काम सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर फॅट तपासणे, राहणार धर्मापुरी, तालुका परळी, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. अक्कल जागेवर आहे. हाताचे म्हणाल तर नाण्याचा जवळून फोटो काढताना जेवढा स्थिर लागतो, तेवढा आजही आहे. सोमवारी अंबाजोगाईला पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात किरकोळ. माझे आजवरचे नुकसान किरकोळ गोष्टींनीच झाले, म्हणून लिहून ठेवतो.

१. राहते घर व पत्र्याची पडवी माझी पत्नी अंजना हिला. पडवीची उत्तरेकडची खिडकी तिने बुजवू नये. सकाळी दहाला तिथे जो उजेड येतो तसा अख्ख्या अंबाजोगाईत कोणाकडे नाही. नाणेवाल्या भगवानरावांकडेही नाही.

२. दोन गाई चारा छावणीत आहेत, त्या धाकटे बंधू अर्जुनराव यांना. मी नाण्यांच्या नादाला लागलो तेव्हा हेच म्हणाले होते, “दादा, नाणी चावून पोट भरतंय का?” गाईंनाही सध्या चावायला काही नाही. त्यांचे जमेल.

३. फॅटचे यंत्र संस्थेचे आहे, माझ्या मालमत्तेत धरू नये. दुष्काळाने केंद्रावरचे दूध चारशे लिटरवरून एकोणचाळीसवर आले. त्या रिकामपणात, मागच्या श्रावणात, मी अंबाजोगाईच्या नाणेसंग्राहक मंडळात दाखल झालो. दर दुसऱ्या रविवारी पतसंस्थेच्या हॉलमध्ये बैठक. सगळे शिकलेले, मी सातवी. पण उजेड समोरून टाकला की नाण्यावरचे अक्षर मरते आणि डावीकडून तिरपा टाकला की उठून उभे राहते, हे मी कोणाला न विचारता शोधले. दुधाच्या जुन्या मापाचा केलेला मोबाइलचा स्टँड व बटरपेपरचा आडोसा मंडळाला द्यावा, वर माझे नाव रंगवून. हातभिंग अंजनाला, सुई ओवायला.

४. आई सरूबाईच्या कनवटीला चाळीस वर्षे राहिलेला निजामाचा चांदीचा रुपया अंजनाला. त्यावर चारमिनारच्या दारात निजामाच्या नावाचे पहिले उर्दू अक्षर ‘ऐन’ आहे, आणि ते तोकडे आहे. पुढच्या रुपयांवर ते पूर्ण आले. तोकडा क्वचित सापडतो.

५. अंबाजोगाईचे निवृत्त मास्तर भगवानराव लोमटे यांना माझे काहीही मिळू नये. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असे वकिलाने सांगितले आहे. म्हणून त्यांनाच साक्षीदार क्रमांक एक केले आहे. कारण असे.

जानेवारीच्या बैठकीत मी रुपया दाखवला. आईच्या घामाने तो काळा पडलेला होता. भगवानरावांनी आपल्या मोठ्या कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो घेतला. मी हो म्हणालो, ही चूक. मार्चात फोटोंची स्पर्धा होती. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “राधाकिशन, धुवू नका त्याला. काळं हाय तेच त्याचं कातडं.” मला वाटले, याच्या पोटात दुखतंय. आम्हा फॅटवाल्यांना काचेच्या नळीवर डाग दिसला की हात घासायलाच जातो. घरी आलो. चिंच, राख, जुना ब्रश.

पडद्यावर माझा फोटो आला. पतसंस्थेचे सुंदरराव म्हणाले, “भांडं घासल्यागत घासलं की बे!” सगळा हॉल हसला. ‘ऐन’ची बारीक शेपटी झिजली होती. पहिले बक्षीस भगवानरावांना. माझ्याच रुपयाच्या जानेवारीतल्या फोटोला! खाली ‘नाणे : रा. सो. शिनगारे’ एवढ्याशा अक्षरात आणि त्यांचे नाव दुप्पट. मी पट्टीने मोजले आहे.

इथवर शुक्रवारी लिहिले. पुढचे शनिवारी.

६. आज भगवानराव सहीसाठी सकाळच्या एसटीने आले. सोबत तो फोटो, मोठा करून आणलेला. म्हणाले, “हा तुमच्याकडं असू द्या. आई तुमची.” मी बसा म्हणालो नाही. फोटो घेऊन खिडकीत गेलो आणि हातभिंगाने पाऊण तास दोष शोधला. उजेड डावीकडून, तिरपा. विचारले, हे कुठे शिकलात?

“तुमीच तर नोव्हेंबरात समद्यांना सांगितलं.”

सांगितले होते. दोष सापडला नाही, याचा लई राग आला. सापडले ते दुसरेच. मिनाराच्या डाव्या अंगाला, काळ्यात एक फिकट जागा आहे. आई बोलताना रुपया कनवटीतून काढून अंगठ्याने चोळायची, ती जागा. ती मी घासून टाकली. आणि माझ्या एकशे बारा फोटोंत ती कुठेच नाही, कारण मी पहिल्या दिवसापासून फक्त अक्षर टिपत होतो.

तेवढ्यात अंजना आली. शेजारी ठेवलेला रुपया बघून म्हणाली, “आता कसा लख्ख दिसतोय. पुन्हा काळा पडला तर मी देते घासून.”

सबब कलम ४ व ५ रद्द. रुपया भगवानरावांना. प्रेमाने नव्हे. तो धुणार नाही असा माणूस माझ्या माहितीत एकच आहे. अटी : रुपया डबीत, कापसात ठेवू नये. करदोड्याला बांधून अंगाला लागू द्यावा. वर्षातून एकदा माझ्या खिडकीत, दहा वाजता, त्याचा फोटो घ्यावा. खाली दोन्ही नावे एकाच मापाची. घासलेला ‘ऐन’ परत येणार नाही हे मला कळते. काळेपण येईल.

मी ऑपरेशनमधून उठलो तर करदोडा माझा, आणि पुढच्या स्पर्धेत बघून घेतो.

ठिकाण : धर्मापुरी. दिनांक १४ मे २०१६, शनिवार.
सही : राधाकिशन सोनाजी शिनगारे

साक्षीदार
२. माणिकराव गुट्टे, शेजारी. (सही)
१. आबासाहेब फड, चेअरमन, दूध संस्था. (सही)

क्रमांक एकवर आधी भगवानराव लोमटे हे नाव होते, ते खोडले आहे, म्हणून नवा क्रमांक एक दोनच्या खाली आला. खोडाखोड माझीच असून तिथे माझी सही आहे. ते म्हणाले, “मग मला एवढ्या लांबून कावून बोलावलं?”

सांगितले नाही. बसा म्हणालो.